मुठीत दाबलेली चूक

प्रिय सानाए,

त्या सकाळी मी शिंपल्या धूत होते. मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवल्या तरी आतली वाळू सुटत नाही, म्हणून दोन्ही हातांनी चोळत होते. गाद्या कठड्यावर उन्हात टाकून झाल्या होत्या, भात शिजत होता, तेरुओ आत दाढी करत होते. त्यांच्याच गाडीतून कामाला जायचं म्हणून तू नेहमीसारखी शेजारून मागच्या दाराने आलीस. डोळे सुजलेले. म्हणालीस, “वहिनी, बोटीच्या तिकिटांच्या कामात एक चूक फार छळत होती. शेवटी मुठीत दाबून टाकली. आज साहेबांना दाखवायचंय ना, नंतर बघीन नीट.” मला ‘छळत होती’ आणि ‘मुठीत’ एवढंच कळलं; वाटलं, डासबीस मारलास. मी म्हटलं, “मग आधी हात धू, आणि दोन घास खा.” किती हसलो होतो आपण दोघी.

पुढे ओबोन आला. पितरांना भेटायला बेटांवरची माणसं घरी निघाली. संगणकाने ज्यांना ‘तिकीट पक्कं झालं’ म्हणून सांगितलं होतं, त्यांतल्या कितीतरी जणांची नावं धक्क्यावर कुणाकडेच नव्हती. एक म्हातारी फुलं घेऊन तिथेच फरशीवर बसून राहिली. घरी येऊन तेरुओंनी मला फक्त तिच्याबद्दल सांगितलं. मग ते कारण शोधत बसले. यंत्र आपल्या चुका जिथे लिहून ठेवतं त्या लॉगमध्ये एक ओळसुद्धा नव्हती, आणि त्यांच्या स्वतःच्या संगणकावर सगळं सुरळीत चालायचं. कामाचे प्रमुख तेच होते. माफी मागायला सर्वांत जड योकान मिठाईचा डबा घेऊन ते बोटवाल्यांकडे गेले, कमरेत वाकले, आणि परत येऊन राजीनामा लिहिला. तू आमच्याकडे यायचीस आणि त्यांना समजवायचीस, “तेरुओसान, सोडा आता. कधी कधी कारण सापडतच नाही.” मी तुला चहा करून द्यायचे.

आजारपणातसुद्धा ते मध्येच म्हणायचे, काहीतरी नोंद असायला हवी होती. मी पांघरूण नीट करायचे. दुसरं काय करणार होते?

ते गेल्यावर मी त्यांची जावाची, म्हणजे त्या संगणकाच्या भाषेची, पुस्तकं वाचायला घेतली. शिकायचं म्हणून नव्हे. त्यांच्या तोंडचे शब्द त्यात होते, म्हणून. अर्धंअधिक कळत नाही, तरी वाचते. तू एकदा पाहिलंस आणि म्हणालीस, “वहिनी, त्यापेक्षा एखादी छान कादंबरी आणून देऊ का?”

या वसंतात तू विचारायला आलीस. कंपनीतल्या नव्या मुलांना वेब अ‍ॅप्लिकेशनमधल्या नेहमीच्या अडचणी शिकवायच्या आहेत, तेरुओसानचं नाव घेतलं तर चालेल का? मला इतका आनंद झाला की देव्हाऱ्यातला त्यांचा फोटो मी स्वतः काढून तुला दिला. ऐकायलाही आले. तू मला शेवटच्या रांगेत पाहिलंस, मान लववलीस, आणि बोलत राहिलीस. अक्षरांच्या जागी चौकोन का दिसतात, आपल्याकडे चालणारं सर्व्हरवर का चालत नाही. मग त्यांचा फोटो आला. सगळ्या नोंदी जिथे राहतात त्या डेटाबेसच्या जोडण्या वापरून परत केल्या नाहीत तर गर्दीत त्या संपतात, असं तू सांगितलंस. मग डेटाबेस नकार देतो. तो नकार झेलायचा आणि त्यावर काय करायचं ते लिहायचा पुढचा कंस रिकामा ठेवायचा, म्हणजे लॉग गप्प, आणि पडद्यावर मात्र ‘तिकीट पक्कं’. “याला आपल्यात चूक मुठीत दाबणं म्हणतात,” तू म्हणालीस. “आमच्या तेरुओसाननी तेच केलं. माणूस सोन्यासारखा, पण मूठ भारी घट्ट.” मुलं हसली.

मी हसले नाही. माझ्या स्वयंपाकघरात हेच शब्द कोण बोललं होतं, ते मला ठाऊक आहे. तेरुओ तपासायच्या आत तू तो रिकामा कंस भरून टाकला असशील, म्हणून त्यांना काही सापडलं नाही. भीतीपोटी तेव्हा गप्प राहिलीस, तर तेही मी समजून घेतलं असतं. पण मेलेल्या माणसाचा फोटो त्याच्या बायकोकडून मागून घ्यायचा आणि त्याच्यावर आपली चूक चिकटवायची, हे मला समजत नाही. जाताना माझा हात धरून म्हणालीस, “कंटाळलात ना वहिनी? सगळं जावाचंच होतं.” तू निर्धास्त होतीस. मला काय कळणार आहे, असंच तुला वाटत होतं.

तुमच्या कंपनीचे ओकुमुरासाहेब तुझं व्याख्यान छापून दरवर्षी नव्या मुलांना देणार आहेत. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. मी काय केलं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांकडे गेले, तेरुओंचा फोटो परत घेतला आणि तुझं नाव सांगितलं.

तुझी शेजारीण,
फुमिए