वरचं दार साखरेचं, खालचं रक्ताचं

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणारी माणसं नोंदी ठेवतात, आणि काम मोठं आहे. वहिनींच्या लॅबमधली दोन मशीनं एका कॉम्प्युटरला जोडायची. एक रक्तातली साखर मोजतं, दुसरं हिमोग्लोबिन. आत्तापर्यंत टेक्निशियन बाई मशीनच्या पडद्यावरचा आकडा बघून रिपोर्टात टाइप करायच्या. आता लॅबला मान्यता देणारे तपासणीवाले म्हणतात, मध्ये माणूस नको, आकडा थेट गेला पाहिजे. एकवीस तारखेला येतायत. नापास झालो तर आम्हाला नमुने पाठवणारं हॉस्पिटल ते दुसऱ्या लॅबला देणार.

मी म्हणालो, एवढंच ना? दोन दिवसांचं काम.

दादा म्हणाला, जरा विचार करून बोलत जा. त्याने असंही सांगितलं की मामांना गोदामावर माणूस हवाय आणि ते माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंत थांबतील. गोदाम लांब, दुसऱ्या गावी. म्हणजे हे काम जमलं तर मी लॅबचा माणूस आणि दादाच्या घरची मागची खोली माझी, नाही जमलं तर मी गोदामात. दादाने हे चहा ढवळत, सहज सांगितलं. मी कंपनी सोडून दीड वर्ष झालं हे त्याला सारखं टोचतं. (कंपनीने मला सोडलं, पण अर्थ तोच.)

४ मार्च, मंगळवार
अडचण कळली. दोन्ही मशीनं एकाच कारखान्यातली, दोघांचा नेटवर्कवरचा पत्ताही एकच. बदलता येत नाही. एकाच दाराने दोघं आली की जुंपणार. शिवाय कॉम्प्युटरला नेटवर्कचं दार एकच, ते इंटरनेटने अडवलेलं.

उपाय मी पाच मिनिटांत काढला. यूएसबीत खुपसायचे दोन अडॅप्टर. प्रत्येक मशीनला स्वतःचं दार. अडॅप्टर दिसला की कॉम्प्युटर त्याला आपणहून नाव देतो, एक ईथ-वन, दुसरा ईथ-टू. ईथ-वनकडून आलेला आकडा साखरेच्या रकान्यात, ईथ-टूचा हिमोग्लोबिनच्या. प्रोग्रॅम मीच लिहिला.

वहिनींनी चांगल्या कंपनीचे अडॅप्टर आणायला सांगितलं होतं. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वस्तातली जोडी आणली. शेवटी वायर ती वायर. लोक डब्याला भुलतात.

५ मार्च, बुधवार
झालं! बाईंनी स्वतःचं रक्त काढून दोन्ही मशीनमध्ये घातलं. साखर शहाण्णव, हिमोग्लोबिन बारा. आकडे आपोआप रिपोर्टात. बाई नुसत्या हं म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा मी पाहिला.

कन्सल्टन्सी काढावी असा विचार आहे. वहिनींच्या ओळखीने आणखी लॅब मिळतील. दादाला हिशेब बघायला ठेवता येईल.

६ मार्च, गुरुवार. सकाळ
कॉम्प्युटर काल बंद केला, आज चालू केला. पहिल्याच पेशंटचं हिमोग्लोबिन एकशे दोन, साखर अकरा. बाई म्हणाल्या, हा माणूस लोखंडाचा असून बेशुद्ध आहे. तो समोरच्या बाकावर बसून पेपर वाचत होता.

नशीब, वहिनी प्रत्येक रिपोर्ट वाचूनच सही करतात.

दुपार
कारण सापडलं. कॉम्प्युटर चालू होताना जो अडॅप्टर आधी जागा होतो तो ईथ-वन. म्हणजे रोज सकाळी दोघांची शर्यत. काल एक जिंकला, आज दुसरा. यात माझी काय चूक?

संध्याकाळ
उपाय: कॉम्प्युटर बंदच करायचा नाही. वर कागद चिकटवला, 'बंद करू नये. हुकमावरून.' कोणाच्या ते लिहिलं नाही, त्याने वजन राहतं.

८ मार्च, शनिवार
वीज गेली.

१० मार्च, सोमवार
रविवारभर वाचन केलं. कायमचा उपाय. प्रत्येक अडॅप्टरच्या पोटात कारखान्यात एक बारा अक्षरी नंबर कोरलेला असतो. जगात एकाचा नंबर दुसऱ्याला नसतो. त्या नंबरावरून आपण नाव ठेवायचं. अमुक नंबर दिसला की नाव 'साखर', तमुक दिसला की नाव 'रक्त'. मग कोण आधी जागा होतो याच्याशी देणंघेणं नाही.

वहिनींना समजावून सांगितलं. बोटांच्या ठशांचं उदाहरण दिलं. त्या म्हणाल्या, भावजी, मला एवढंच सांगा, एकवीसपर्यंत होईल ना? मी हसलो. असे प्रश्न बाहेरच्या लोकांना पडणारच.

११ मार्च, मंगळवार. सकाळ
नियम लिहिला, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. एकाचं नाव 'साखर' झालं. दुसऱ्याचं नाव 'रिनेम-फोर' झालं. असलं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही. कॉम्प्युटरच बिघडलेला दिसतो.

दुपार
दोन्ही नंबर शेजारी शेजारी मांडून वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. मग बाईंना वाचायला लावले. बाराच्या बारा अक्षरं सारखी. ठसे एकच! दोघांचंही नाव साखर ठेवायची पाळी आली म्हणून कॉम्प्युटरने दुसऱ्याला कसलंतरी नाव देऊन बाजूला बसवलं. म्हणजे कॉम्प्युटर ठीक आहे. कारखानेवाल्याने कंटाळून सगळ्यांवर एकच नंबर छापलाय.

संध्याकाळ
दुकानात जाऊन भांडलो. दुकानदाराने नवा पुडा फोडून तिसरा अडॅप्टर दिला. तोच नंबर. म्हणाला, इतक्या लोकांनी नेले, कोणाची तक्रार नाही. मी म्हणालो, त्यांनी दोन एकत्र लावले नसतील. तो म्हणाला, मग तुम्ही तरी का लावता?

चांगले अडॅप्टर आणणं सोपं आहे. पण मग हे का आणले ते वहिनींना सांगावं लागेल. त्यापेक्षा अभ्यास करीन.

१३ मार्च, गुरुवार
अभ्यास चालू. डोकं फुटायची वेळ आली आहे. माझ्या प्रयोगांत आकडे उलटसुलट झाल्याने आज तीन लोकांना पुन्हा रक्त द्यावं लागलं, त्यातल्या एका आजोबांनी मला शिकाऊ समजून धीर दिला.

मामांचा फोन. गोदामात शिडीवर चढावं लागतं, उंचीची भीती वाटते का असं विचारत होते. मी म्हणालो, मला कसलीच भीती वाटत नाही.

वहिनींनी विचारलं, एखाद्या कॉम्प्युटर एजन्सीच्या माणसाला बोलावू का? मी इतक्या जोरात नको म्हणालो की खुर्चीत बसलेल्या पेशंटबाईंनी सुईखालचा हात ओढून घेतला.

खरं सांगायचं तर, अडतिसावं वर्ष, भावाच्या घरची मागची खोली, आणि तीही जाईल की काय असं वाटतं. वहिनी जेवताना वाढतात आणि विचारत नाहीत. हे सगळं खोडायला हवं.

१४ मार्च, शुक्रवार
संकल्प: लवकर उठणे. चहा कमी. दादाच्या बोलण्याकडे दुर्लक्ष. पैकी तिसरा आजच पाळला, कारण दादा बोललाच नाही.

१७ मार्च, सोमवार
जमलं! जमलं! जमलं!

अडॅप्टरला नाव द्यायचंच नाही. यूएसबीच्या दाराला नाव द्यायचं. कॉम्प्युटरच्या मागे दोन दारं आहेत, एकाखाली एक. वरच्यात जो कोणी असेल तो 'साखर', खालच्यात असेल तो 'रक्त'. नंबर सारखे असोत, कोणीही आधी जागा होवो. दिवसभर कॉम्प्युटर बंद-चालू करत बसलो. एकदाही चुकलं नाही. बाई म्हणाल्या, आता पुरे, मला काम करू द्या.

डोळे भरून आले. लॅबमधल्या औषधांचा वास असावा.

१९ मार्च, बुधवार
वहिनींनी आज वायरींना चिकटपट्ट्या लावल्या. वरचीला पिवळी, खालचीला लाल. म्हणाल्या, चुकून निघाल्या तर कुठली कुठे ते कळेल. त्या गेल्यावर दोन्ही सोलून काढल्या. तपासणीवाले म्हणतील घरगुती कारभार आहे. आत सॉफ्टवेअर भक्कम असल्यावर बाहेर रंगपंचमी कशाला?

मामांना फोन करून नाही म्हणून कळवलं. दादा म्हणाला, दोन दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं? मनातून त्याला माझा अभिमान वाटत असणार.

२१ मार्च, शुक्रवार. दुपारी एक
तपासणी चालू आहे. मोठे तपासनीस उंच आहेत आणि फार कमी बोलतात. त्यांनी स्वतःचंच रक्त तपासायला दिलं. साखर अठ्ठ्याण्णव, हिमोग्लोबिन चौदा. आकडे थेट रिपोर्टात. त्यांनी मान हलवली आणि फ्रीजचं तापमान बघायला गेले.

फक्त मान! तीन आठवडे मी जिवाचं रान केलं आणि फ्रीजला माझ्यापेक्षा जास्त वेळ. वहिनी हळूच म्हणाल्या, झालं भावजी, सुटलो. पण मला ते बरं वाटलं नाही. आत काय केलंय ते त्यांना कळायला हवं. आता जेवणाची सुट्टी. नंतर एक छोटंसं प्रात्यक्षिक दाखवणार आहे. वहिनींना सांगितलेलं नाही.

त्याच दिवशी. पाच वाजता
जेवणानंतर तपासनीसांनी दुसऱ्यांदा रक्त दिलं. मी म्हणालो, साहेब, एक मिनिट. आणि दोन्ही प्लग त्यांच्यासमोर उपटले. म्हणालो, बघा, कोणी वायरी काढल्या तरी आमच्या सिस्टिमला फरक पडत नाही. आणि परत लावले.

वायरी दोन्ही काळ्या.

रिपोर्ट छापून आला. हिमोग्लोबिन एकशे अडतीस. साखर चौदा. तपासनीसांनी तो नीट वाचला आणि विचारलं की मी बसू की आडवा होऊ? कोणी हसलं नाही. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी मग म्हणालो, वरचा खाली करतो, लगेच होईल. ते म्हणाले, राहू द्या.

वहिनींकडे बघायची हिंमत झाली नाही. अजून झालेली नाही.

२२ मार्च, शनिवार
दोष कॉम्प्युटर बनवणाऱ्याचा. दारं एकाखाली एक, अगदी चिकटून, आणि कॉम्प्युटरच्या पाठीमागे. वाकून, हाताने चाचपत लावावं लागतं. कोणाचंही चुकलं असतं. शिवाय मला कोणी थांबवलं नाही.

तपासणीवाल्यांनी पूर्ण नापास केलेलं नाही. तीन महिन्यांची मुदत. तोपर्यंत आकडे हाताने भरायचे, पण एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने टाइप करायचे. हॉस्पिटल तेवढे दिवस थांबणार आहे. एजन्सीचा माणूस सोमवारी येतोय.

वहिनी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, भावजी, जेवून घ्या.

जेवलो नाही. मामांना फोन केला. शिडीवर चढायला तयार आहे म्हणालो. ते म्हणाले, अरे, कालच एक मुलगा ठेवला. चांगला आहे. तुझं तिकडे उत्तम चाललंय असं तूच म्हणालास.

२४ मार्च, सोमवार
एजन्सीवाल्याने अडॅप्टर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकले. मी त्याला नियमाबद्दल सांगायला गेलो. तो कानाला फोन लावून बोलत होता.

वहिनींनी मला काम दिलं आहे, तीन महिन्यांसाठी. मशीनसमोर स्टूलवर बसायचं आणि पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा. बाई टाइप करतात. मी टाइप करतो असं सुचवून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, नको, तुम्ही वाचा. खोली तूर्त आहे तशी राहील, असं दादाने सांगितलं. माझ्याकडे न बघता सांगितलं, पण सांगितलं.

वाचत राहिलो. साखर एकशे चार. हिमोग्लोबिन अकरा. साखर नव्वद. दुपारपर्यंत घसा बसला. बाई उठल्या आणि न मागता कोमट पाण्याचा ग्लास आणून दिला. तो हातात घेतला आणि मला रडू फुटलं, पेशंटांसमोर. बाई परत कीबोर्डापाशी बसल्या. मग म्हणाल्या, भाऊ, पुढचा आकडा.