टॉवेलाखालचा पाचवा

६ जानेवारी
एकेचाळीस खोकी! पन्नास वर्षं कॉलेजनं फोटो काढले आणि माळ्यावर फेकले. आता सुवर्णमहोत्सव, म्हणून सगळ्यांना पुळका. स्कॅनिंग इतिहासाच्या अपेक्षा मॅडम करणार, चेहरे मी ओळखायचे. "धम्मशीलाताई, तुम्हाला सगळे माहीत आहेत." आहेत ना. म्हणून तर बावीस वर्षं ग्रंथालयात शिपाईच ठेवलंय.

९ जानेवारी
उपोषणाचा फोटो सापडला. मार्च १९९९. वसतिगृह बंद करायचं ठरलं, तेव्हा आपली पोरं पाच दिवस गेटसमोर उपाशी पडली होती. चौघांचे चेहरे दिसतात. पाचव्याच्या तोंडावर उन्हामुळे टॉवेल.

तो आमचा संघर्ष. त्याचे पाय ओळखते मी! मी तेव्हा वडनेरला सासरी. मे महिन्यात भेटायला आला तेव्हा स्वतः म्हणाला होता — "अक्का, पाच दिवस नुस्त्या पाण्यावर काढले!" दोन वर्षांनी काविळीनं गेला. बावीस वर्षांचा. कॉलेजात त्याचं नाव कुठेच नाही.

११ जानेवारी
संस्थेचे सचिव चंद्रशेखरराव आले. १९९९ मध्ये तेही इथेच शिकत होते. टॉवेलवाल्यावर बोट ठेवलं — "हा मी." सरळ! भाषणांत दरवर्षी उपाशी राहतात, पण फोटोतही घुसतील असं वाटलं नव्हतं. म्हटलं, "साहेब, हा माझा भाऊ आहे." हसले. "ताई, मेलेल्या माणसाले काय फरक पडते?"

फरक मला पडतो. आईला पडतो.

१२ जानेवारी
त्या चौघांपैकी जानरावांचाच नंबर मिळाला. "सव्वीस वर्सं झाले बाई. मले कोठी आठवते?" आठवतं सगळं. मुलगा संस्थेच्या शाळेत मास्तर आहे, एवढंच.

१६ जानेवारी
मिळाला!! तेविसावं खोकं. बुलढाण्याचे कबड्डीचे सामने, मधोमध चंद्रशेखर, हातात ढाल. मागे स्टुडिओचा शिक्का, फोटो काढल्याची तारीख — १४ मार्च १९९९. उपोषणाच्या फोटोमागेही हीच तारीख. म्हणजे त्या दिवशी साहेब गेटसमोर नव्हतेच!

२० जानेवारी
मीटिंगमध्ये दोन्ही फोटो टेबलावर पालथे ठेवले. सचिवांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माही गफलत झाली असंन." गफलत!

ग्रंथालयात त्या फोटोखाली संघर्षच्या नावाची पाटी लागणार.

बाहेर अपेक्षा मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, ते नाहीत हे कळलं. पण हा संघर्षच, याला काही पुरावा?" मी खेकसले त्यांच्यावर. सगळ्यांसमोर. त्याच्या शब्दाला पुरावा मागता? त्यांनी चहाला बोलावलं तरी गेले नाही. नंतर वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही.

२६ जानेवारी
पाटी लागली. "कालकथित संघर्ष पुंजाजी." सचिवांचं भाषण — "आम्ही सत्य शोधून काढलं." आम्ही! तरी टाळ्या वाजवल्या.

२७ जानेवारी
आईचे गुडघे दुखतात, म्हणून काल आली नाही. उद्या ऑटो करून पाटी दाखवायला नेईन.

२८ जानेवारी
फोटोसमोर आई खूप वेळ उभी राहिली. घरी येऊन टेकली आणि म्हणाली, "शीला, तो आपला संघर्ष नाही व. त्याले म्या पाचही दिवस घरात कोंडलं होतं. बाहीरून कडी लावली. लय रडला. कोनाले सांगू नको म्हने."

ग्रंथालयाची चावी माझ्याकडेच असते. संध्याकाळी जाऊन पाटी काढून आणता आली असती.

नाही गेले.