सातव्या जागेवरचा आसूड

प्रिय ओटमार,

यंदा बर्फ उशिरा आला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आसूड घेऊन शेतावर उतरलो तेव्हा घोट्यापर्यंत चिखल होता आणि पहिल्याच फेरीत सगळ्यांची तोंडं माखली. आता मात्र साल्झाख नदीच्या काठापर्यंत पांढरंशुभ्र आहे. थंडीत आवाज कसा कोरडा, टणक उठतो, तुला ठाऊकच आहे. रांगेत उभं राहून एकामागून एक आसूड वाजवणारी आपली तुकडी अजून नऊ जणांचीच. त्यातले पाच तुझ्या ओळखीचे नाहीत. पहिल्या जागेवर गिरणीवाल्यांची आफ्रा असते. टपाल वाटून झालं की रोज तासभर सराव करते.

शिकवायचं काम माझ्याकडे आहे. डोक्यावर आठाचा आकडा काढायचा, खांदा सैल सोडायचा आणि ऐन वेळी मनगट गपकन थांबवायचं, एवढंच सांगत असतो. नवी माणसं ताकद लावतात, मग आसूड नुसता सूं करून जातो. आफ्राला ते थांबणं जमायला दोन हिवाळे लागले. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी ती बर्फात बसकण मारून हसत सुटली.

मी स्वतः रांगेत उभा राहत नाही. दंड दुखतो, असं सांगितलंय. पण परवा आफ्राने विचारलंच, "क्विरिनकाका, सातवा वाजायच्या आधी तुम्ही डोळे का मिटता हो?" म्हटलं, वारा लागतो. वारा नव्हता. सहावा आसूड कडाडला की सातव्याआधी मला तुझा आवाज येतो. किंचाळी नव्हती ती. कुणी मागून हाक मारल्यासारखं तू नुसतं "अं?" म्हणाला होतास. सदतीस वर्षं तेवढंच ऐकतोय. घरात दार आपटलं तरी त्याच्याआधी ते येतं. माझी बायको लेनी बिचारी दारं हळू लावते, का ते तिने कधी विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात माझे बाबा तुकडीचे म्होरके होते. परीक्षक लाकडी खोपटात बसायचे, त्यांना आपण दिसायचो नाही, फक्त ऐकू यायचो. आणि नऊ आवाजांत माझा बोदा पडायचा. तुझा सहावा आवाज दरी भरून जायचा आणि पाठोपाठ माझा सातवा. बाबा सगळ्यांसमोर म्हणायचे, "पोरा, आसूड आहे तो, ओला टॉवेल नाही!" तू एकटा हसायचा नाहीस. कोठाराच्या मागे नेऊन माझं मनगट धरून दाखवायचास, "ओढू नकोस रे, सोड त्याला." ते मला जास्त लागायचं.

स्पर्धेच्या सकाळी काय झालं ते तुला ठाऊक आहे. निदान तुला तसं वाटतं. तिसऱ्या फेरीत तू हातातला आसूड टाकलास आणि चेहरा धरून खाली बसलास. बाबांनी तुझ्याकडे आणि बर्फातल्या पावलांकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "जागा सोडली त्याने. उजवीकडे सरकला." म्होरक्याचा शब्द. सगळ्यांनी मान हलवली, मीही हलवली. पाच दिवसांनी तुझ्या खाटेशी आलो तेव्हा अर्ध्या तोंडावर पट्टी असून तूच म्हणालास, "माफ कर क्विरिन. माझ्यामुळे सगळ्यांची स्पर्धा गेली." मी संत्री सोलून तुझ्या हातात ठेवत राहिलो. पुढे एका डोळ्याच्या माणसाला छपरावर चढवायला कुणी सुतार तयार होईना, आणि वसंतात तू लिंझला निघून गेलास. गाडीवर पोचवायला मी आलो नाही. आजारी नव्हतो.

गेल्या रविवारी चर्चबाहेर तुझी बहीण गुंडुला भेटली. बोलता बोलता सांगून गेली की तू अजून आसूड फिरवतोस. दर रविवारी, मालगाड्यांच्या यार्डामागच्या मोकळ्या जागेत, एकटाच. जमिनीवर खडूने पावलांच्या खुणा करतोस आणि आसूड फिरवून झाला की वाकून बघतोस, पाय हलला का. "त्याला एकदा कळायला हवंय, पाय नेमका कुठे सरकला ते," ती म्हणाली. मी टोपी घालून घरी आलो आणि तीन दिवस हे पत्र लिहितोय. ओटमार, तुझा पाय हलला नव्हता. बाबांनी आसुडांचं मोजमाप घेतल्यानंतर मी माझ्या आसुडाला हातभर दोरी जोडली होती, मोठा आवाज यावा म्हणून. तीच तुझ्या डोळ्यापर्यंत पोचली. त्याच दुपारी ती कापून चुलीत घातली. काल हे तुकडीला सांगितलं. आफ्रा आसूड गुंडाळून निघून गेली. तू ये किंवा येऊ नकोस, मला वाट्टेल ते बोल. पण या रविवारी खडू घेऊन जाऊ नकोस. तू बरोब्बर उभा होतास.

तुझा म्हणवून घ्यायला न धजणारा,
क्विरिन