लाईट गेली तेव्हाच्या तारा

जळगाव, गुरुवार संध्याकाळ

बिस्मथ धातूच्या नॅनोतारांची, म्हणजे केसाहून हजारपट बारीक तारांची, मोजमापं बाहेरच्या प्रयोगशाळेतून आली. ज्या मी द्रावणात वीज सोडून निगुतीने वाढवल्या, त्या द्रव हेलियमच्या थंडीतही विजेला अडवतातच. आणि वाढवताना मधेच लाईट गेली म्हणून दाणेदार, ओबडधोबड झालेल्या तारा? रोध चक्क शून्य. अतिवाहक! असं कसं? मी तर त्या टाकणारच होते. डबीत जागा उरली म्हणून त्याही मोजायला पाठवल्या.

घरून, अमळनेरहून, आबांचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाले, "मंग ते बिघडनं का सुधरनं?"

मला तरी कुठे कळलंय!

सर म्हणतात, तशाच पुन्हा बनव. तशाच म्हणजे? उद्या मेन स्विच मीच बंद करेन. पण त्या दिवशी लाईट नेमकी कधी गेली? मी तर खाली चहाला गेले होते.