ठेंगणं घर

सिद्रा,
शुक्रवार, ९ जानेवारी

माझ्या भावा, खलफान,

सलाम. तू, तुझी बायको, पोरं, सगळे खुशाल असाल. इकडे मी आणि माझ्या तीन शेळ्या मजेत आहोत. काळी व्यायली, दोन्ही करडं तिच्यासारखीच आगाऊ निघाली. लिंबांचं वाळवण आटोपलं. एक थैली या पत्रासोबत देतेय. बायकोला सांग, कालवणात दोनच टाक. मागच्या खेपेला मूठभर टाकून माझ्या नावानं खडे फोडले होते तिनं.

फोन असताना ताई पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. फोनवर माझं दुसरं वाक्य सुरू व्हायच्या आत तू "बरं, बरं" म्हणतोस. कागद मध्येच तोंड घालत नाही.

ईदच्या सुट्टीत तू छपरावर सोलरच्या प्लेटा बसवल्यास आणि गेला उन्हाळा मी राणीसारखा काढला. डोक्यावर पंखा, फ्रिजमध्ये गार ताक. हमदानकाका रोज "सहज" म्हणून यायचे आणि दोन पेले रिचवून जायचे. "झुवैना, तुझ्या भावानं सूर्यच दावणीला बांधला बघ," म्हणायचे. शेळ्या चढू नयेत, खजुरांची सावली पडू नये म्हणून तू लोखंडी चौकट चांगली उंच घेतली होतीस. किती ऐटीत खाली उतरलास. म्हणालास, "ताई, आता तुला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको." आणि हेही म्हणालास, की हे चाललं नाही तर घराला कुलूप घालून मी मस्कतला यायचं, मग तू काही ऐकणार नाहीस. मी ते विसरलेले नाही.

हल्ली मला लहानपण फार आठवतं. आपल्या घराची तुला लाज वाटायची, आठवतं? सगळ्यांना माडी, आपलं तेवढं ठेंगणं. तू बाबांपाशी भुणभुण लावायचास आणि ते म्हणायचे, "डोकं आपटतं का तुझं? नाही ना? मग झालं." आणि उठून अंगणापलीकडच्या मोकळ्या जागेत जायचे, सावलीच्या खांबापाशी. खांबाची सावली एका दगडावरून दुसऱ्या दगडावर सरकली, की त्यांनी हाक द्यायची आणि पाटाचं पाणी एकाच्या वाफ्यातून दुसऱ्याच्या वाफ्यात वळायचं. ती हाक अजून माझ्या कानात आहे. हाक ऐकल्यावर कुणी घोटभर पाणीही जास्त घेत नसे.

आणि तो दिवस, जेव्हा उंट बिथरला आणि खांब मोडला. नवा खांब तासून होईपर्यंत पाणी अडून राहणार होतं. बाबांनी मोडके तुकडे जमिनीवर जोडून मांडले, शेजारी स्वतः आडवे झाले, तुला त्यांच्या खांद्यापासून वर निजवलं, लांबी खांबाशी जुळवून पाहिली, आणि मग तुला खांद्यावर उभं करून खांबाच्या खड्ड्यापाशी जाऊन उभे राहिले. अख्ख्या गावाला त्या दिवशी तुमच्या दोघांच्या सावलीनं पाणी मिळालं. तू नाक खाजवायला वाकलास तर हमदानकाका शेतातून ओरडले होते, "अरे, नाक तुझं खाजतंय, कांदा माझा वाळतोय." आईला हसता हसता खाली बसावं लागलं होतं.

असो. आता मुद्द्यावर येते, किती टाळणार.

हिवाळा लागला, सूर्य खाली उतरला, आणि तुझ्या चौकटीची सावली अंगण ओलांडून पुढे गेली. दुपार कलली की खांबाची सावली तिच्यात बुडून जायची. मला घरात बसून काही कळलं नाही. ज्यांना कळलं ते गप्प राहिले. बाबांच्या लेकानं बहिणीसाठी हौसेनं केलेलं, त्याला नाट कुणी लावायचा? त्या सावलीतली पाळी रय्याची. तुला ठाऊक आहे, नवरा गेल्यापासून ती तिच्या लिंबांच्या झाडांवरच जगते.

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले तर झाडांखाली पानांचा खच. विचारलं तर म्हणाली, "माझ्यासारखीच थकली असतील गं."

"रय्या, पाणी देतेस ना पुरतं?"

"देते की. खांबाची सावली दिसेनाशी झाली की दारं मोडून पाणी पुढच्याला देते. पुढचं कशाला घेऊ? उद्या कुणी म्हणायला नको, रय्यानं पाणी चोरलं."

मी तशीच हमदानकाकांकडे गेले. आता हाक तेच देतात. "काका, तुम्ही मला का नाही सांगितलं?"

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "ताक गार होतं ना, बाई. तोंड उघडेना."

घड्याळ लावा, असं तू म्हणशील. इथल्या पोरांनीही म्हणून पाहिलं. पण थंडीत दिवस आखडतो तशी सगळ्यांची पाळी सारखीच आखडते, उन्हाळ्यात सारखीच लांबते. घड्याळाला ते कसं कळावं? ते दिवसाच्या पाळ्या आखडत नाही, मग शेवटच्या माणसाच्या वाट्याला अंधार येतो. बाबांनी माडी का चढवली नाही, ते मला त्या रात्री समजलं, खलफान. ते तुला रागे न भरता नुसते खांबाकडे निघून जायचे, तेच उत्तर होतं. आपण दोघंही ते बघत राहिलो आणि आपल्याला समजलं नाही. मी खूप रडले.

दुसऱ्या दिवशी मी प्लेटा चौकटीसकट उतरवल्या. हमदानकाका आणि त्यांचे दोन्ही मुलगे आले होते. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू "बरं, बरं" म्हणाला असतास आणि येऊन मला घेऊन गेला असतास. आता त्या गोठ्यामागे जमिनीवर मांडल्या आहेत. दुपारनंतर तिथे डोंगराची सावली येते, म्हणून फक्त दिवा आणि पंखा चालतो, फ्रिज चालत नाही. ताक पुन्हा मडक्यात. काका अजूनही "सहज" येतात, मडक्यातलंच पितात. शेळ्या एका प्लेटवर चढल्या होत्या, तडा गेलाय. रागावू नकोस. रागावलास तरी चालेल.

पण मी मस्कतला येणार नाही. तू ठेवशील तर मला तळहातावर ठेवशील, ते मला माहीत आहे. इथे मात्र मला सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचंय रे, आणि त्यांनी माझ्याकडे. त्यावरच हे गाव चालतं.

रय्यानं काल पहिल्यांदा पुरतं पाणी घेतलं. सगळी झाडं वाचणार नाहीत. काही वाचतील.

गाव सुटलं म्हणून तू फोनवर कधी कधी गप्प होतोस, ते मला ऐकू येतं. म्हणून एक सांगते. त्या दिवशी बाबांनी नवा खांब कापला तो तुमच्या दोघांच्या उंचीवर. तोच अजून उभा आहे. तू कुठला सुटलास? आम्ही अजून रोज तुझ्याच सावलीनं पाणी घेतो.

नाक खाजवू नकोस.

त्याच ठेंगण्या घरातली,
तुझी ताई,
झुवैना