विरामचिन्हांसह शास्त्रवाचन

प्रिय ताईस,

धाकटीचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? (त्यांना सांग, सिगारेट चालू ठेवून नुसती प्रार्थना करू नका. प्रभूने तरी कुठेकुठे पुरं पडायचं?) माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन सुखरूप झालं. डॉक्टरांनी वाचन तेवढं बंद केलं, आणि संध्याकाळच्या शास्त्रवाचनाशिवाय मला घास उतरत नाही हे तुला ठाऊकच आहे. चर्चच्या मंडळीतल्या बायका वाचून दाखवायला आल्या, पण अध्याय कमी आणि सुनांची गाऱ्हाणी जास्त. शेवटी वरच्या मजल्यावरचे माझे भाडेकरू म्हणाले, "मी वाचतो."

हो, तेच. देवबिव काही नाही असं छातीठोकपणे सांगणारे, आणि रविवारी आम्ही उपासनेला निघालो की गॅलरीत शीळ घालत कपडे वाळत टाकणारे. त्यांची अट एवढीच, की डोळा बरा होईपर्यंतच वाचणार आणि मी त्यांना सुधारायला जायचं नाही. पाळकसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, वाद घालू नका, सहनशीलता धरा. म्हटलं, ठीक आहे, धरू. ती इतकी लागणार आहे हे मला काय माहीत!

अगं, हे गृहस्थ छापखान्यात प्रुफं तपासतात. तिथे एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून पडताळायची. आमचे भाडेकरू मोठ्याने वाचणारे. एकही खूण निसटू नये म्हणून खुणासुद्धा वाचायच्या, ही त्यांची उभ्या जन्माची सवय. मी डोळे मिटून, हात जोडून बसलेली, आणि कानावर काय येतं, तर "हे परमेश्वरा, स्वल्पविराम." स्तोत्रात तीच ओळ फिरून आली की थांबून विचारणार, "ही मघाशी येऊन गेली. चुकून दोनदा छापली असेल का?" वंशावळी लागल्या तेव्हा म्हणाले, यातली थोडी माणसं गाळली तर कोणाचं काही बिघडणार नाही. (मी ओठ चावला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ताण पडला.) त्यांच्या वाचनाची मला इतकी सवय झाली, की परवा प्रार्थनासभेत मला प्रार्थना करायला सांगितली, तर मी भर सभेत म्हणाले, "हे दयाळू पित्या, स्वल्पविराम." पाळकसाहेबांनी ठसका लागल्याचं निमित्त केलं. बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

पण एका संध्याकाळची गोष्ट तुला सांगायलाच हवी. सगळं गमावून राखेत बसलेल्या त्या भल्या माणसाची हकिकत चालली होती. वाचता वाचता स्वल्पविराम यायचे थांबले. मग पूर्णविरामही. मग वाचणंच थांबलं. पानावर बोट ठेवून म्हणाले, "यानं कोणाचं काय वाकडं केलं होतं हो?" आणि मग पुस्तकाकडेच बघत, "ही आजारी होती तेव्हा मीपण हात जोडले होते. खूप जोडले."

त्यांना बायको होती हे मला त्या दिवशी कळलं. ताई, माझ्यापाशी उत्तरं होती, रविवारशाळेपासून पाठ केलेली. पण फार वाईट वाटलं मला, आणि मी नुसती त्यांच्याजवळ बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी अध्याय पुरा केला आणि वर गेले. मला वाटलं, आता काही हे यायचे नाहीत. पण दुसऱ्या दिवशी हाक न मारताच खाली आले. आता पुढे काय होतं याची घाई त्यांनाच असते. वाद मात्र पहिल्याइतकाच घालतात. ते कधी विश्वास ठेवतील का, मला सांगता यायचं नाही. पण संध्याकाळी जिन्यावर त्यांची चाहूल लागली की मला बरं वाटतं. ते यायचे थांबले तर मला करमणार नाही, हे खरं.

सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. अक्षर माझंच आहे हे तू ओळखलं असशील. डोळा केव्हाच बरा झाला, भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसते. त्यांना मात्र अजून अंधुकच दिसतं म्हणून सांगितलंय. (खोटं बोलणं पाप आहे, माहीत आहे. त्याचं मी प्रभूशी बघून घेईन.) तू पुढच्या आठवड्यात येशील तेव्हा त्यांच्यासमोर मला सुईत दोरा ओवायला सांगू नकोस. खरं म्हणजे एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आतच ते आले. टेबलावर हे पत्र, उघडं पेन आणि शेजारी माझा वाचायचा नवा चष्मा, सगळं तसंच पडलेलं. त्यांनी ते पाहिलं. चष्मा उचलला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, घडी करून त्याच्या डबीत ठेवला. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "काल कुठवर आलो होतो?"

मी काही बोलले नाही. तेही काही बोलले नाहीत. तेव्हा ताई, तूही बोलू नकोस.