शनिवारची लढाई

६ जुलै ५३, सोमवार
मॅट्रिकच्या वर्गावर जगाच्या इतिहासाचा पहिला तास. अपेक्षा सांगून टाकल्या. सनावळ्या पाठ हव्यातच. नकाशा हाताने काढायचा. पुस्तकातली वाक्ये जशीच्या तशी उतरवून आणली तर वही फाडीन. आणि दर शनिवारी लढाई. वर्गाचे दोन पक्ष, आठवड्यात शिकवलेला संघर्ष घ्यायचा, ज्याने त्याने उभे राहून आपल्या पक्षाची कारणे मांडायची. ज्याला कारण सांगता आले नाही त्याने हात पुढे करायचा. छडी बांबूची, कालच स्वतः तासली. पोरे माझ्याकडे कमी, छडीकडे जास्त बघत होती. बघू देत.
हेडमास्तर दाराशी उभे राहून ऐकत होते. नंतर म्हणाले, परीक्षेत येते तेवढेच शिकवा. बरे म्हटले. तेवढेच शिकवायला मी कशाला हवा?

१८ जुलै, शनिवार
रोम आणि कार्थेज. कार्थेजवाले हरायला लागले तसे त्यांतल्या एकाने दौत भिरकावली. रोमच्या सेनापतीची भुवई फुटली. सदऱ्यावर शाई आणि रक्त. दोघांना चार-चार छड्या, फेकणाऱ्याला दोन जास्त. हे.मा. संतापले. मला मात्र मजा आली, खोटे कशाला लिहू. निदान कार्थेज कोणी विसरणार नाही.

१ ऑगस्ट
वर्गात एकच डोके आहे. गोविंदा. बाप चिरकुटा इथल्या तलावाचा पाणकर, म्हणजे कुणाच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, पाणी कधी सोडायचे ते तो ठरवतो. गो. ला छडी बसली की हात मागे घेत नाही, तळहाताकडे बघतो आणि बसतो. त्याचा रागही येतो, कौतुकही वाटते. हा फर्स्टक्लास आणणार, आणि मी आणवणार.

२२ ऑगस्ट, शनिवार
फ्रान्सची राज्यक्रांती. राजाची बाजू मालगुजाराच्या, म्हणजे इथल्या जमीनदाराच्या, माधवने आपणहून घेतली. मालगुजारी जाऊन दोन वर्षे झाली, तरी बापाची ऐट पोराच्या मानेत आहे. चांगला बोलला. मग गो. उठला. कर, धान्य, भूक, सगळे नीट मांडले आणि एकदम माझ्याकडे वळला.
"मले एक समजत नाई गुरुजी. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला. मंग पयलं पानी अजून त्याईच्याच बांधीत काऊन जाते?"
माधव म्हणाला, तुझ्या बापाला विचार, तोच तर सोडतो. वर्ग हसला. गो. ने बाक ओलांडून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दात पडला.
दोघांनाही झोडले. गो. ला जास्त, कारण त्याच्याकडून अपेक्षा जास्त.

५ सप्टेंबर
गृहपाठ होता, आपल्या गावातला एखादा तंटा दोन्ही बाजूंनी. गो. ने तलावाचे पाणी घेतले आणि एकच बाजू लिहिली. दुसरी कुठे आहे, विचारले.
"दुसरी बापाची हाय. ते मी रोज घरी आयकतो."
सहा छड्या. दुसरी बाजू लिहिता येत नसेल तर इतिहास शिकू नकोस, असे सांगितले. हे बोलणे मला बरोबरच वाटते.

१९ सप्टेंबर
पाऊस गेला तो गेलाच. धान निसवायला आले आणि शेवटच्या बांध्यांना भेगा. काल तिकडच्या एकाने आपणच पाट फोडला, तर मालगुजाराच्या गड्याने त्याला फावड्याच्या दांड्याने बडवले. बरगड्या मोडल्या. चिखलात पडून राहिला, उचलायला बायको एकटी आली.
आज तलावावर जाऊन चिरकुटाभाऊला भेटलो. त्याने तुडूम दाखवला, तलावाचे पाणी सोडायची जागा. दगडी पायऱ्यांत एकाखाली एक भोके आणि प्रत्येकात लाकडी डाट. पाणी उतरेल तसा वरून खाली एकेक डाट काढायचा. तळच्या भोकाचा डाट लांब दांड्याला आहे, दांड्याचे टोक वर पाचर ठोकून अडकवलेले. त्याला हात लावायचा नाही. तळचा निघाला की पाण्याच्या जोराने परत बसत नाही, सगळा तलाव जातो. म्हणून पाचरीला शेंदूर लावलेला.
पहिले पाणी मालकाला का, हे मीही विचारले. म्हणाला, वरची बांधी मालकाची, ती भरल्याशिवाय खालच्या बांधीत पाणी उतरत नाही, उतार तसाच आहे. मग म्हणाला, "आन् मी कोनाचं मीठ खाल्लं, तेबी हाय." दोन्ही बाजू त्याने एका दमात सांगितल्या. पोराला आले नाही ते बापाला आले.

३ ऑक्टोबर, शनिवार
आजचे आजच लिहून काढतो.
सकाळी वर्गात निम्मी पोरे नाहीत. कालच्या प्रभातफेरीने दमली असतील म्हणून चिडून बसलो. माधव म्हणाला, ते तलावावर गेलेत गुरुजी, कुऱ्हाडी घेऊन. छडी हातात तशीच धरून पळालो, माधव मागोमाग.
तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दोन जमाव. शेवटच्या बांध्यांवाले आणि माझी पोरे एकीकडे, मालगुजाराची माणसे दुसरीकडे. लाठ्या सुरू झालेल्या. एकाचा कान लोंबत होता. माझ्या वर्गातला रोमचा सेनापती तोंडावर पडलेला आणि त्याच्या पाठीवर एक जण नाचत होता. त्याला मी छडीने मारत सुटलो, छडी मोडली.
गोविंदा तुडुमावर होता. तळच्या पाचरीवर घाव घालत होता. बाकीची पोरे ओरडत होती, वरचा काढ, वरचा काढ. तो म्हणाला, "वरचा ते परत लावतीन." पाणकराचा पोरगा, त्याला सगळे ठाऊक होते. म्हणूनच तळचा.
चिरकुटाभाऊ पायऱ्या उतरून आला. ओरडला नाही, पोराला धरलेही नाही. खाली बसला आणि पाचरीवर उजवा हात ठेवला.
कुऱ्हाड वर होती. ती खाली आली.
पाचर आणि हात एकदमच. दांडा उसळला, तलाव खालून गर्जायला लागला. लोंढ्याने आधी खालच्याच बांध्या लोळवल्या, ज्यांच्यासाठी हे सगळे केले त्यांच्याच. तासाभरात काठच्या गाळात मासे तडफडू लागले आणि मघाशी एकमेकांची डोकी फोडणारे दोन्हीकडचे लोक त्या माशांसाठी चिखलात मारामारी करू लागले. वर पाळीवर आणलेला चिरकुटाभाऊ रक्ताने न्हाला होता, त्याला धरायला मी आणि माधव. माधवने तेव्हाच सदरा काढून मनगट बांधले होते. बैलगाडीने सिंदेवाहीला, तिथून आगगाडीने चांद्याला.
गो. दिसला नाही नंतर.

६ ऑक्टोबर
दवाखान्यात हात मनगटाच्या वर कापला. वाचेल म्हणतात.
पोलिसांनी पोरे नेली. परत आली तेव्हा उकिडवे बसता येत नव्हते. ठाणेदाराने मला विचारले, राजाविरुद्ध उठायचे तुम्ही शिकवले का. म्हटले, अभ्यासक्रमात आहे. तो हसला. मला त्याच्या तोंडावर मारावेसे वाटले.
गो. धानोऱ्याकडे जंगलात मावशीच्या गावी गेला असे कळते. मला कळले, तर पोलिसांना किती दिवस कळणार नाही?

३० ऑक्टोबर
चिरकुटाभाऊची जबानी झाली. कुऱ्हाड माझीच होती, पाय घसरला आणि मीच तिच्यावर पडलो, असे म्हणाला. तिथे शंभर माणसे उभी होती. कोणीही उलटे बोलले नाही, मालगुजाराच्या माणसांनीसुद्धा. मला विचारले. म्हटले, गर्दी होती, मी दुसरीकडे मारामारीत होतो.
हे.मा. नी शनिवारची लढाई बंद केली. मी वाद घातला नाही. आता मी सनावळ्या सांगतो आणि पोरे लिहून घेतात. वर्गात इतकी शांतता की चीड येते. मोडलेल्या छडीच्या जागी दुसरी तासली होती, ती पेटीत टाकली.
एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. कुऱ्हाड वर होती तेव्हा हात पाचरीवर आला होता. मी दूर होतो, तरी मला दिसला. गो. ला दिसला का?

६ डिसेंबर, रविवार
संध्याकाळी चिरकुटाभाऊ घरी आला. उजवी बाही गाठ मारलेली. ओट्यावर बसला, चहा डाव्या हाताने प्याला, निम्मा सांडला. पोरगा परत आला म्हणे, कालच. जेवत नाही, बोलत नाही, आईच्या हातचे पाणीसुद्धा घेत नाही. मॅट्रिकचा फॉर्म भरायची मुदत संपत आली आहे. म्हटले, फॉर्मचे मी बघतो, हे.मा. च्या पाया पडावे लागले तरी पडतो, तुम्ही त्याला फक्त पाठवा.
"पाठोतो. उद्या मीच घेऊन येतो. पन तुमी त्याले मारा गुरुजी, सगळ्या पोराईसमोर."
मी सांडलेला चहा पुसायला लागलो.
"पोलिसाले मी खोटं सांगतलं, त्याले वाचोलं. पन सजा नाई भेटली तं तो असाच मरन. मीच मारलं असतं. माहा हात नाई आता. तुमचा हाय."
जायला उठला आणि खाली उतरून पुन्हा थांबला. पाठ माझ्याकडे.
"आन् त्याले इचारा, हात दिसला होता का म्हून. मले नाई इचारवत. हो म्हनला, तं मले सांगू नका."
गेला.
छडी पेटीतून काढून टेबलावर ठेवली आहे. जुलैपासून त्या पोराला किती मारले आणि एकदाही हात जड वाटला नाही. आज नुसती उचलून बघितली आणि खाली ठेवली.
उद्या पहिला तास इतिहासाचा. आधी विचारायचे की आधी मारायचे, ते ठरत नाही.